घरच्या लग्नाची रोषणाई : अंगणातल्या मांडवाला लाइटच्या माळा कशा लावाव्यात

चुलतबहिणीचं लग्न आम्ही गुहागरकडच्या घरी, अंगणातच लावलं. मे महिना, गोरज मुहूर्त. रोषणाई माझ्याकडे होती आणि ती झकास जमलीय असं मला दुसऱ्या मंगलाष्टकेपर्यंत वाटत होतं. अंतरपाट धरलेला, सगळ्यांच्या मुठीत अक्षता, आणि वीज गेली. जनरेटर होता, अर्ध्या मिनिटात उजेड आला. पण आला तो लुकलुकत. माळेच्या पिनेजवळ मोड बदलायचं बटण असलेली छोटी डबी असते ना, ती वीज गेली की सगळं विसरते आणि पुन्हा पहिल्या मोडवर येते. पहिला मोड म्हणजे लुकलुकण्याचे सगळे प्रकार आलटून पालटून. स्थिर उजेड आठव्या मोडला. म्हणजे एका माळेला सात वेळा बटण, आणि माळा ४३. भटजी ‘सावधान’ म्हणत होते तेव्हा मी आणि आतेभाऊ मांडवाच्या कडेकडेनं वाकून ३०१ वेळा बटण दाबत होतो. व्हिडिओत नवरा-नवरी जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखी दिसतात.

त्यानंतर घरातली आणखी तीन लग्नं केली. डेकोरेटरला सगळं सोपवणार असाल तर यातलं निम्मं तुम्हाला लागणार नाही, पण त्याला काय विचारायचं ते तरी कळेल. उदाहरणाला आमचंच अंगण धरतो : ४० फूट लांब, २५ फूट रुंद, एका अंगाला पडवी, कोपऱ्यात आंबा, गडग्याला लागून दोन माड, आणि रस्त्यापासून दारापर्यंत उतरणारी चिऱ्याची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट. तुमचं लॉन असेल, शेत असेल किंवा सोसायटीची गच्ची. हिशेब असाच करायचा.

आधी काळोख बघा

लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी संध्याकाळी साडेसात वाजता अंगणातले सगळे दिवे बंद करा. पडवीची ट्यूब, तुळशीजवळचा बल्ब, सगळे. पाच मिनिटं नुसते उभे राहा. डोळे सरावले की कळतं, कुठे खरोखर अंधार आहे, कुठे रस्त्याच्या दिव्याचा उजेड येतो आणि शेजारच्यांचा हॅलोजन नेमका तुमच्या स्टेजवर कसा पडतो.

हे करायचं कारण सांगतो. लाइटच्या माळा उजेडासाठी नसतातच. त्या शोभेसाठी असतात आणि शोभा फक्त अंधारात दिसते. लोक हजार रुपयांच्या माळा लावतात आणि वर ‘नीट दिसायला हवं’ म्हणून दोन ५०० वॅटचे हॅलोजन पेटवतात. मग त्या माळा म्हणजे दुपारच्या चांदण्या. उजेडाची सोय वेगळी आणि शोभेची वेगळी, हे एकदा मनाशी पक्कं केलं की पुढचं काम निम्म्यावर येतं. शेजारच्या काकांना आधीच भेटा. त्या दिवशी त्यांचा दिवा बंद ठेवायला ते नाही म्हणत नाहीत. तसेही ते आपल्याकडेच जेवायला असतात.

वेळही लक्षात घ्या. कोकणात मे महिन्यात सूर्य सातच्या आसपास बुडतो, डिसेंबरात सहा-सव्वासहालाच. गोरज मुहूर्त म्हणजे नेमकी उजेड जाण्याची वेळ. मे महिन्यात माळा साडेसहालाच सुरू करून ठेवा. बाहेरचा उजेड जसजसा उतरतो तसा मांडव आपोआप उजळत जातो, आणि ही पंधरा-वीस मिनिटं फोटोंसाठी सोन्यासारखी असतात. रात्री आठनंतर कितीही माळा लावा, आकाशाची ती निळाई मिळत नाही.

माळ कोणती घ्यायची

पांढऱ्या माळा दोन प्रकारच्या मिळतात, आणि दुकानात दोन्हींना ‘व्हाइट’च म्हणतात. खोक्यावर २७०० ते ३००० के (केल्विन, उजेडाच्या रंगछटेचं माप) लिहिलं असेल तर तो दिवेलागणीसारखा पिवळसर उजेड, म्हणजे वॉर्म व्हाइट. ६००० किंवा ६५०० के म्हणजे दवाखान्यातला. पांढरा एलईडी मुळात निळाच असतो, वर पिवळ्या फॉस्फरचा लेप देऊन तो पांढरा करतात. लेप कमी की उजेड निळसर. हळद लागलेला चेहरा, झेंडू, शालूची जर, समईचं पितळ, आपल्या लग्नातलं सगळं पिवळ्या-लाल अंगाचं. निळसर उजेडात ते मेल्यासारखं दिसतं. माझं मत विचाराल तर एकच रंग, वॉर्म व्हाइट. फार तर पाखाडीला किंवा दाराला दुसरा. लाल-हिरवा-निळा एकत्र लावायला गणपती आहेत, दिवाळी आहे.

खोक्यावर लिहिलेल्यावरही विसंबू नका. एकाच गाळ्यावरून, एकाच लॉटमधल्या सगळ्या माळा घ्या आणि दुकानातच चार-पाच लावून शेजारीशेजारी बघा. मुंबईत लोहार चाळीत किंवा पुण्यात तपकीर गल्लीत गेलात तर दुकानदार हसत नाही, त्याला सवय आहे. नंतर आणलेल्या दोन माळा हमखास वेगळ्या छटेच्या निघतात आणि नेमक्या स्टेजवर जातात.

दुसरी गोष्ट, डबी. शक्यतो डबी नसलेली, नुसती स्थिर जळणारी माळ मागा. ती नसेल तर ‘वीज गेल्यावर मोड लक्षात राहतो का’ असं विचारा आणि त्याच्यासमोर पिन काढून पुन्हा लावून बघा. ३०१ हा आकडा विसरू नका.

तिसरी, चित्रीकरण. स्वस्त माळा आपल्या डोळ्यांना स्थिर वाटल्या तरी विजेच्या ५० हर्ट्झच्या तालावर सेकंदाला ५० किंवा १०० वेळा विझत-पेटत असतात. व्हिडिओत त्याच्या आडव्या पट्ट्या सरकताना दिसतात. मोबाइल स्लो मोशनवर ठेवून माळेकडे धरा, लगेच कळेल. घेतलेल्या माळा तशाच निघाल्या तर फोटोग्राफरला आधी सांगा. तो शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवून पट्ट्या बऱ्याच घालवतो.

चौथी सगळ्यांत महत्त्वाची. साध्या माळा थेट २३० व्होल्टवर चालतात. तीन-तीन व्होल्टचे दिवे एकामागे एक जोडून, मध्ये रेझिस्टर घालून तो दाब वाटून घेतलेला असतो. म्हणून अशी माळ कापून आखूड करायची नाही. उरलेल्या दिव्यांवर जास्त ताण येतो आणि ते जळतात. आणि म्हणूनच ती दिसायला कितीही नाजूक असली तरी शॉक मात्र घरच्या पॉइंटइतकाच देते. जिथे लहान मुलांचे हात, नवरीचे केस, ओली फुलं किंवा पाणी येणार, तिथे तांब्याच्या बारीक तारेच्या, सेलवर किंवा यूएसबीवर चालणाऱ्या माळाच लावा. पॉवर बँकेवर चालवणार असाल तर आदल्या रात्री तासभर लावून बघा. काही पॉवर बँका इतका कमी करंट ओढला जातोय असं दिसलं की ‘कोणी नाही’ समजून बंद होतात.

मोजमाप : किती माळा

बाजारात १० मीटरची माळ सर्रास मिळते, म्हणजे साधारण ३३ फूट. त्यावर हिशेब करू.

डोक्यावरचं छत : दोऱ्या अंगणाच्या रुंदीत, म्हणजे २५ फुटांत, दर दोन फुटांवर एक. ४० फूट लांबीत २१ दोऱ्या. प्रत्येक दोरीला झोक धरून २६-२७ फूट माळ लागते, उरलेली सहा-सात फूट खांबावरून खाली बोर्डापर्यंत येते. म्हणजे दोरीला एक माळ, २१ माळा. तीन फुटांवर दोऱ्या घेतल्या तर १४-१५ मध्ये भागतं आणि, खरं सांगू, पाहुण्यांना फरक कळत नाही.

झाडाचं खोड : घेर मोजा, किती उंचीपर्यंत गुंडाळायचं ते ठरवा, दोन वेढ्यांतलं अंतर ठरवा. आमच्या आंब्याचा घेर ५ फूट, गुंडाळलं ८ फुटांपर्यंत, वेढे चार-चार इंचांवर : २४ वेढे, १२० फूट, चार माळा. माडाचा घेर ३ फूट. चार इंचांनी ७२ फूट होतात, म्हणजे दोन माळा पुरत नाहीत आणि तिसरी वाया जाते. तिथे वेढे पाच इंचांवर घेतले की ५८ फुटांत, दोन माळांत काम होतं. दोन माडांना चार.

पडवीची कड ४० फूट, दोन माळा. पाखाडीला सहा. स्टेजमागे १० फूट रुंदीचे दोन पडदे, हे तयार मिळतात. आंब्याच्या खालच्या फांद्यांना चार. झाल्या ४१ आणि दोन पडदे. त्यावर पाच माळा जादा ठेवा, कारण एखादी आतून मेलेली निघतेच.

खरी अडचण : पिना

आता गंमत बघा. १० मीटरची एलईडी माळ पाच-सहा वॅट घेते. ४१ माळा आणि दोन पडदे मिळून फार तर ३०० वॅट, म्हणजे सव्वा-दीड अँपिअर. एका हॅलोजनहून कमी. तेव्हा ‘लोड झेपेल का’ ही काळजी माळांपुरती सोडून द्या. काळजी आहे ती ४३ पिना लावायच्या कुठे याची.

लोक काय करतात? एका एक्स्टेन्शनमध्ये दुसरं, दुसऱ्यात तिसरं, त्यात टू-पिन मल्टिप्लग, आणि शेवटी दोन माळांच्या तारा सोलून पीळ देऊन टेप. मांडवात शॉक किंवा जाळ यायचा तो बहुतेक अशाच ढिल्या सांध्यातून.

आम्ही वायरमनकडून पाच लाकडी बोर्ड करून घेतले. प्रत्येकावर त्या भागाला लागतील तेवढे पॉइंट, एक स्विच, एक इंडिकेटर. मीटरजवळच्या एमसीबीपासून प्रत्येक बोर्डाला १.५ स्क्वेअर मिमीची तीन तारांची, अर्थिंगसह केबल. मुख्य जागी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. कुणाच्या अंगातून करंट जमिनीकडे जाऊ लागला तर तो क्षणात वीज तोडतो. घरात आधीच असेल तर त्याचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो का ते बघा. हा खर्च एकदाच होतो, ते बोर्ड आजही गावात लग्नाला, सत्यनारायणाला फिरतायत. एकमेकांना जोडता येणाऱ्या माळा मिळाल्या तर पॉइंट आणखी कमी लागतात. फक्त एका साखळीत किती जोडायच्या ते खोक्यावर लिहिलेलं असतं, त्याच्या पुढे जायचं नाही.

बोर्ड भागांप्रमाणे वाटा : छत दोन बोर्डांवर, स्टेज स्वतंत्र, झाडं आणि पडवी मिळून एक, पाखाडी वेगळी. मग वरात आली की पाखाडी, अंतरपाट दूर झाला की झाडं, असं एका स्विचवर करता येतं. आमच्याकडे हा भाव खाऊन जाणारा प्रकार आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

जेवणाच्या मिक्सर-ग्राइंडरला, पंपाला, साउंडला माळांच्या बोर्डावर येऊ देऊ नका. त्यांचा लोड मोठा. घरचं मीटर त्याला पुरत नसेल तर महावितरणकडे तात्पुरत्या जोडणीचा अर्ज करता येतो, तो वेळेत करा. खांबावर आकडा टाकणं म्हणजे वीजचोरी, २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम १३५ खाली गुन्हा. लग्नघरात त्या दिवशी तो कोण निस्तरणार? जनरेटर भाड्यानं घेत असाल तर त्याचं अर्थिंग करून द्यायला सांगा आणि आदल्या दिवशी एकदा वीज मुद्दाम बंद करून, जनरेटर लावून, सगळं सुरू होतं का ते बघा. मी हे पहिल्या वेळी केलं नव्हतं.

बांधणी : आधी दोरी, मग माळ

माळेवर वजन येऊ द्यायचं नाही, हा नियम. आधी नायलॉनची पातळ दोरी ताणायची, मग माळ तिच्यावर वेढे देत न्यायची. लोखंडी बाइंडिंग तार वापरू नका. माळेचं आवरण कुठे खरचटलं तर सगळी तारच जिवंत होते. दोऱ्या पोफळीच्या वाशांना किंवा बांबूला बांधतात. २५ फुटांत मधोमध फूट-सव्वा फूट झोक राहू द्या. ताणून सरळ केलेली माळ दांडीवरच्या कपड्यांची आठवण करून देते, झोकानं ती छत होते. सगळ्या दोऱ्यांना सारखा झोक यावा म्हणून आम्ही एका चिव्याच्या काठीवर खूण करून ती प्रत्येक दोरीखाली उभी धरतो. झोकाचा तळ जमिनीपासून नऊ-दहा फुटांवर तरी हवा. नवऱ्याला खांद्यावर उचलून नाचणारी मंडळी प्रत्येक वरातीत असतात.

फाटकाशी मात्र चौदा-पंधरा फुटांच्या खाली काही बांधू नका. वाजंत्री, पाहुणे सगळे खालून जातात, पण भांड्यांचा टेम्पो सकाळी येतो आणि वर बघत नाही. आमची एक माळ तशीच वाडीच्या टोकापर्यंत गेली होती.

झाडाला खिळा मारायचा नाही, सुंभानं किंवा कापडाच्या पट्टीनं बांधा. गुंडाळायला खालून सुरुवात, म्हणजे पिन बोर्डाजवळ राहते. आंब्यावर चढण्याआधी ओंबील बघा. त्या लाल मुंग्यांचं पानं चिकटवून केलेलं घरटं फांदीवर असेल तर ती फांदी सोडून द्या, दुसरी शोधा. हट्ट केला तर त्या तुम्हालाही सोडत नाहीत, आणि खाली बसलेल्या विहीणबाईंनाही. माडाला फक्त खोड. आणि माळ लावण्याआधी पाडेली बोलावून नारळ आणि सुकी झापं उतरवून घ्या. रोषणाई बघायला लोक नेमके माडाखालीच उभे राहतात.

शिडी बांबूची किंवा लाकडाची घ्या. ॲल्युमिनियमची हलकी असते, पण विजेच्या कामाला नको. आणि बांधाबांध चालू असताना माळ प्लगमध्ये नकोच, ‘बघू तरी कशी दिसते’ म्हणूनसुद्धा नको.

होमाच्या बरोबर वर काहीही नाही. ना माळ, ना पडदा, ना झालर. मांडवावर सुक्या झावळ्या घातल्या असतील तर माळा त्यांच्यात खुपसू नका, खालच्या दोरीवरच ठेवा.

वळीव

मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात तो कधीही येतो. बाहेरच्या माळा आयपी ४४ (पाण्या-धुळीपासूनच्या बचावाचा दर्जा) तरी हव्यात, म्हणजे उडालेलं पाणी सोसणाऱ्या. उघड्यावर रात्रभर राहणार असतील तर आयपी ६५. पण माळ कितीही चांगली असली तरी पाणी शिरतं ते पिनेत. म्हणून बोर्ड जमिनीवर नको, खांबाला कंबरेच्या वर बांधा. त्यावर उलटा प्लॅस्टिकचा टब, खालून उघडा. आणि प्रत्येक वायर बोर्डाच्या खालपर्यंत झोक देऊन मग वर प्लगमध्ये न्या, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोकाच्या तळाशी टपकतं, पिनेपर्यंत चढत नाही. एवढ्या साध्या गोष्टीनं आमचं तिसरं लग्न निभावलं. पाऊस आलाच तर ओल्या हातांनी पिना काढत बसू नका, मेन बंद करा. ते काम कुणाचं हे आधी ठरवा, नाहीतर दहा जण धावतात आणि मीटरशी कोणीच नसतं.

आणि उजेड?

चेहऱ्यांसाठी स्टेजसमोर दोन वॉर्म व्हाइट एलईडी फ्लड, ३० वॅटचे, दोन बाजूंनी तिरके. थेट तोंडावर मारू नका, पांढऱ्या भिंतीवर किंवा ताणलेल्या कापडावर मारून परतलेला उजेड घ्या. मागे पडदा झगमगतोय आणि पुढे काहीच नाही असं झालं तर फोटोत नवरा-नवरीच्या नुसत्या सावल्या येतात.

पंगतीत पानातलं दिसलं पाहिजे. अळूची भाजी कुठली आणि चटणी कुठली हे चाचपून कळायला नको. तिथे नऊ वॅटचे वॉर्म एलईडी बल्ब, दर दहा-बारा फुटांवर, आणि त्यांच्यावर बांबूच्या टोपल्या उलट्या. एलईडी असल्यानं टोपली तापत नाही. विणीतून जाळीदार सावली भुईवर पडते ती माळांपेक्षा सुंदर, असं आमच्या आत्यानं सांगितलं आणि मला ते पटलंय. निळसर उजेडापेक्षा पिवळसर दिव्यांवर पावसाळी किडेही कमी येतात, ताकाच्या पिंपाशेजारी याचं महत्त्व कळतं. पाखाडीच्या पायऱ्यांना माळ कडेनं, पायरीच्या आतल्या अंगाला. पायात येईल अशी आडवी कुठेच नको.

उतरवताना

सगळे दमलेले असतात, सासरी गेलेल्या मुलीमुळे घर सुनं असतं, आणि कोणीतरी सरळ ओढून माळा काढायला लागतं. तसं करू देऊ नका. दुसऱ्या दिवशी, मेन बंद करून, लावल्या त्याच्या उलट क्रमानं. प्रत्येक माळ हातभर लांब पुठ्ठ्यावर गुंडाळा, पिन बाहेर ठेवा, आणि गुंडाळल्यावर एकदा लावून बघा. जळत नसेल किंवा अर्धीच जळत असेल तर पुठ्ठ्यावर फुली. ‘छत’, ‘माड’, ‘पडवी’ असं पुठ्ठ्यावरच लिहा. माळ दमट असेल तर दिवसभर पडवीत सावलीला वाळवून मगच आवरा.

मग पत्र्याच्या डब्यात, घट्ट झाकणाच्या. आमच्या पहिल्या ४३ माळा मी खोक्यात घालून माळ्यावर ठेवल्या होत्या. पुढच्या लग्नाला काढल्या तेव्हा उंदरांनी त्यातल्या अकराच शिल्लक ठेवल्या होत्या.